कासवाचे डोळे सुजले तर पहिल्या दिवसापासून काय करायचं

जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या गुंडूने डोळे उघडलेच नाहीत. कोथरूडच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यातल्या टाकीत तो नेहमीसारखा दगडावर बसला होता, पण दोन्ही पापण्या भिजवलेल्या वाटाण्यासारख्या टरारून फुगल्या होत्या. खायला टाकलं की वासाने पुढे यायचा, तोंड उघडायचा आणि भलतीकडेच चावा मारायचा. ज्या दुकानातून त्याला आणलं होतं तिथे फोन केला. "ड्रॉप घाला, आठ दिवसांत उघडतील डोळे," असं सांगितलं. मी आठ दिवस इमानेइतबारे ड्रॉप घातले आणि तेवढ्यात गुंडू आणखी खंगला.

नंतर जे शिकले ते आधीच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हा लेख. पाळीव कासवाचा डोळा सुजतो तेव्हा दुखणं बहुतेक वेळा खाण्यात, पाण्यात आणि गारठ्यात सुरू झालेलं असतं. डोळ्यावर ते आपल्याला पहिल्यांदा दिसतं इतकंच. त्यामुळे नुसत्या डोळ्यावर इलाज करून भागत नाही. आणि उलटही खरं आहे: पापण्या पूर्ण मिटल्या असतील तर टाकी कितीही सुधारा, डॉक्टरांशिवाय त्या उघडत नाहीत.

इथे लिहिलंय ते पुण्यात मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणाऱ्या हिरव्या, कानाशी लाल पट्टा असलेल्या कासवाबद्दल. रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. वास्तूसाठी शुभ म्हणून किंवा मुलांच्या हट्टापायी रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं पिल्लू घरी येतं, आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. तुमच्याकडचं कासव पिवळ्या चांदण्यांच्या नक्षीचं स्टार कासव असेल, किंवा नदी-विहिरीत सापडलेलं मऊ कडांचं आपलं देशी कासव असेल, तर गोष्ट वेगळी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे ही कासवं घरी ठेवताच येत नाहीत. त्यांच्यावर घरी उपचार करत बसू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आधी दहा मिनिटं नुसतं बघा

कासवाला लगेच हातात घेऊ नका. हात लागला की ते मान आत ओढून घेतं आणि मग काहीच कळत नाही. टाकीपासून थोडं लांब, खाली बसून बघा. मोबाइलवर दोन्ही बाजूंनी जवळून फोटो आणि मिनिटभराचा व्हिडिओ काढा. तो पुढे डॉक्टरांना फार उपयोगी पडतो, कारण त्यांच्या टेबलावर कासव घाबरून वेगळंच वागतं.

निरोगी डोळा पूर्ण उघडा आणि तकतकीत असतो. हिरवट पिवळा रंग, त्यातून मधोमध जाणारी आडवी काळी रेघ. थोडी ओल दिसली तर लगेच धास्तावू नका. आपल्या डोळ्यातलं जास्तीचं पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरतं. कासवाला ती नळीच नसते, त्यामुळे त्याच्या डोळ्याच्या कडेला पाणी दिसणं हे नेहमीचंच. पाण्याबाहेर आल्यावर पुढच्या पायाने एखाद्या वेळी डोळा पुसला तरी ठीक. दिवसभर सारखं चोळत राहिलं तर मात्र काहीतरी सलतंय. (तरुण नर दुसऱ्या कासवाच्या तोंडापुढे लांब नखं थरथरवतो, तो डोळ्याचा आजार नव्हे. तो मादीला रिझवत असतो.)

आता काय दिसतं त्यावरून अंदाज बांधता येतो.

दोन्ही पापण्या सारख्याच फुगल्यात, कासव लहान आहे आणि महिनोन्महिने डबीतल्या वाळलेल्या कोळंब्यांवरच वाढलंय: इथे पहिला संशय अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. घरात पाळलेल्या स्लायडरमध्ये हे फार दिसतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू बलकातून मिळालेला अ जीवनसत्त्वाचा साठा घेऊन आलेलं असतं आणि तो काही महिने पुरतो. म्हणून घरी आणल्यावर सुरुवातीला सगळं छान चालतं, आणि "आत्तापर्यंत तर हेच खात होता" असं वाटत असतानाच एक दिवस डोळे मिटतात. आत होतं असं, की डोळ्याभोवतीच्या ग्रंथींचं आणि श्वासमार्गाचं नाजूक, ओलसर अस्तर जाड आणि कोरडं होत जातं. ग्रंथी सुजतात, सुटलेल्या पेशींचा थर पापणीखाली साचतो, आणि त्या साठ्यावर जंतू पोसतात.

एकच डोळा बिघडला असेल तर मार, ओरखडा किंवा आत गेलेला कण आठवा. दोन कासवं एका टाकीत असतील तर दुसऱ्याचं नख किंवा चावा लागलेला असू शकतो. बुबुळावर पांढरा ठिपका किंवा धुरकटपणा दिसला तर ती जखम असू शकते आणि तिला थांबायला वेळ नसतो.

डोळ्यांबरोबर नाकातून बुडबुडे येतायत, तोंड उघडून श्वास घेतंय, पोहताना एका अंगाला कलतंय: मग छातीपर्यंत संसर्ग पोहोचल्याची शक्यता आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्याच्या मागे, कानाच्या जागी गोल गाठ आली असेल तर तो कानातला गळू. तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो, ड्रॉपने जिरत नाही.

नवा यूव्हीबी दिवा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) लावल्यावर एक-दोन दिवसांत डोळे मिटले असतील तर दिवा फार जवळ आहे किंवा त्या कासवाला फार प्रखर होतोय. बंद करा आणि डॉक्टरांना तसं सांगा. डोळे सुजण्याऐवजी खोल गेले असतील तर अंगातलं पाणी कमी झालंय.

पहिला दिवस: ऊब

कासव स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही. गार पडलेल्या कासवाची भूक, पचन, आजाराशी लढण्याची ताकद सगळंच मंदावतं, आणि दिलेलं औषधही नीट लागू पडत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो. पाषाण, बाणेर, सिंहगड रस्ता अशा मोकळ्या भागांत तर गारठा आणखी जाणवतो. "घरातच तर आहे" असं आपण म्हणतो, पण हिटर नसलेल्या टाकीतलं पाणी पहाटे २० अंशांच्या खाली गेलेलं असतं. गुंडूच्या टाकीत मी थर्मामीटर टाकला तेव्हा आकडा १८ होता. दुखणं डोळ्यात नव्हतं हे मला त्या आकड्याने पहिल्यांदा पटवलं.

म्हणून आधी एक रुग्णालय तयार करा. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा टब घ्या, तळाला जुना मऊ टॉवेल अंथरा. वाळू आणि रंगीत खडे नकोत. टबच्या एका टोकाला वरून उष्णता देणारा दिवा लावा. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. त्यासाठी जुना पिवळा बल्ब, हॅलोजन किंवा दुकानात मिळणारा बास्किंगचा दिवाच लागतो. दिव्याखालची जागा ३० ते ३२ अंश, दुसरं टोक २६ च्या आसपास. थर्मामीटरने मोजा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. कासवाला हवं तेव्हा दिव्यापासून दूर सरकता आलं पाहिजे. ज्याला दिसत नाही ते कासव दिव्याखाली अडकून भाजूही शकतं, त्यामुळे पहिले काही तास लक्ष ठेवा.

पाण्यातल्या कासवाला कोरडं किती ठेवायचं? सुजलेल्या डोळ्यांना घाण पाण्यात ठेवणं वाईटच, पण पिल्लू दिवसभर कोरडं राहिलं तर सुकतं. मी दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, अर्धा-पाऊण तास परातीत स्वच्छ कोमट पाण्यात ठेवायचे. कोमट म्हणजे २६ ते २८ अंश. पाणी एवढंच, की उभं राहिल्यावर मान सहज बाहेर येईल. दिसत नसलेलं, अशक्त कासव खोल पाण्यात बुडून मरू शकतं. कासव पोहणारा प्राणी आहे म्हणून आपण हे विसरतो.

डोळा धुणं

मेडिकलच्या दुकानात ०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाईन १०० मिलीच्या बाटलीत मिळतं. तेच घ्या. घरचं मिठाचं पाणी नको, त्यात मीठ किती पडेल याचा नेम नसतो. कॉन्टॅक्ट लेन्सचं द्रावणही नको. सुई नसलेल्या छोट्या सिरिंजमध्ये सलाईन घ्या आणि ती मिनिटभर कोमट पाण्यात धरा, म्हणजे थंडगार थेंब डोळ्यावर पडणार नाही. डाव्या हाताने कवच दोन्ही कडांनी धरा, डोकं किंचित खाली झुकलेलं ठेवा, आणि पापण्यांच्या फटीवरून हळूच धार सोडा. दिवसातून दोनदा पुरे. कडेची चिपडं सुटून येतील तेवढीच ओल्या कापसाच्या बोळ्याने टिपून घ्या, दर डोळ्याला नवा बोळा. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरू नका.

पापणी जबरदस्तीने उघडायला जाऊ नका. हे मी ठासून सांगते, कारण मोह फार होतो.

डॉक्टरांकडे

डोळे पूर्ण मिटलेत, किंवा कासवाने खाणं सोडलंय, तर एक-दोन दिवसांत डॉक्टर बघा. पांढरं बुबुळ, रक्त, श्वासाचा त्रास असेल तर त्याच दिवशी. नुसतं पाणी येतंय, डोळे उघडे आहेत, खातंय, तर पाणी आणि ऊब सुधारून तीन दिवस वाट बघायला हरकत नाही.

पुण्यात पशुवैद्य गल्लोगल्ली आहेत, पण त्यांतले बहुतेक कुत्र्या-मांजरांचे. आधी फोन करून सरळ विचारा: "तुम्ही कासवं बघता का? डोळ्याची रंगाची चाचणी करता का?" रंगाची चाचणी म्हणजे डोळ्यात हिरवट पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बघणं. बुबुळावर जखम असेल तर तिथे रंग चिकटतो. ज्यांना कासवांचा सराव नाही ते चांगले डॉक्टर स्वतःच तसं सांगतात आणि दुसऱ्याचं नाव देतात. ते मनाला लावून घेऊ नका.

नेताना पाण्यात नेऊ नका. झाकणाला भोकं पाडलेला डबा, आत ओलसर टॉवेल, आणि थंडीचे दिवस असतील तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला. वाकडहून हडपसरला संध्याकाळी जायचं म्हणजे दीड तास धरूनच चाला, तेव्हा शक्यतो दुपारची वेळ घ्या. बरोबर टाकीचे फोटो, खाद्याची डबी, पाण्याच्या तापमानाचे आकडे, कासवाचं वजन आणि आत्तापर्यंत काय काय औषध घातलंत त्याची बाटली घ्या. आपल्या चुका लपवू नका. मी ड्रॉपची बाटली पर्समध्ये ठेवून आधी नुसतं "काही साधे ड्रॉप" म्हणाले होते. डॉक्टरांनी ती मागून घेतली, मागचं लेबल वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं, यात स्टिरॉइड नाहीये."

मग त्यांनी ओल्या कापसाच्या काडीने गुंडूची खालची पापणी अलगद खाली ओढली. आतून मुगाच्या डाळीएवढा, फिकट पिवळा, रबरासारखा एक सलग तुकडा बाहेर आला. आणि त्याच्याखाली डोळा होता. शाबूत, तकतकीत, आडव्या काळ्या रेघेसकट. गुंडूने दोनदा पापणी मिटली आणि दिव्याकडे मान वळवली. आठ दिवस मी ड्रॉप त्या तुकड्यावर घालत होते. औषध डोळ्यापर्यंत पोहोचतच नव्हतं.

यामागचं कारण माहीत असू द्या. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी विकरं पुरेशी नसतात. तो पनीरसारखा घट्ट गोळा होऊन बसतो. आपोआप वाहून जात नाही, काढावाच लागतो. आणि तो काढताना बुबुळाला धक्का लागू द्यायचा नसतो, म्हणून ते काम सरावाच्या हाताचं.

डॉक्टर बहुधा तीन गोष्टी करतील: साचलेलं काढतील, जंतुनाशक ड्रॉप किंवा मलम देतील, आणि गरज वाटली तर अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. इंजेक्शन साधारणपणे पुढच्या पायाच्या स्नायूत देतात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांकडे जातं. संसर्ग पसरला असेल तर जंतुनाशकाची इंजेक्शनंही असतात, आणि ती एक-दोन दिवसांआडच्या वेळापत्रकाने चालतात. कासवाचं शरीर संथ चालतं, त्याचं औषधही त्याच चालीने. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

औषध घालण्याची रीत

आधी हात धुवा. मग कासवाला कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, डोळा सलाईनने धुवा आणि कडा टिपून कोरड्या करा. कासव डोकं आत घेऊन बसलं तर ओढू नका. कवच धरून नाकाचा भाग थोडा खाली करा, बरीच कासवं आपणहून मान लांबवतात. तरीही नाही आलं तर मागचे पाय बोटाने हळूच आत दाबा, पुढून मान बाहेर येते. खालच्या पापणीच्या कडेला एक थेंब टेकवा. एकच. डोळा मिटलेला असेल तर फटीवर थेंब ठेवून धीराने थांबा. पापणी हलली की औषध आत जातं. दोन औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, आधी ड्रॉप, नंतर मलम. त्यानंतर अर्धा तास तरी पाण्यात सोडू नका, नाहीतर सगळं धुऊन जाईल.

डोळे उघडले म्हणून औषध मध्येच बंद करू नका. मी दुसऱ्यांदा चुकणार होते ती इथेच.

हे घालू नका, हे करू नका

गुलाबपाणी, मध, हळदीचं पाणी, तुपाचं बोट, बोरिक पावडर यांतलं काहीही नको. हे घराघरांतून सुचवलं जातं, प्रेमानेच, पण कासवाच्या डोळ्यावर नको.

घरात उरलेले माणसांचे ड्रॉप नकोत. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. बुबुळावर जखम असताना ते पडलं तर जखम खोल जाते आणि डोळा गमवावा लागू शकतो.

मुलांना देतात ते जीवनसत्त्वांचे थेंब अंदाजाने पाजू नका. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर कासवाची कातडी सोलवटून निघते, आणि लहान पिल्लात "जास्त" व्हायला फार लागत नाही. मात्रा डॉक्टरांनी वजनावरून ठरवायची.

आणि आयव्हरमेक्टिन कधीही नाही. कुत्र्यांच्या गोचिडांवर दिलं जाणारं हे औषध कासवांना मारक आहे. कुणी जंतांसाठी म्हणून सुचवलं तरी नाही म्हणा.

खाणं

ज्याला दिसत नाही ते कासव खात नाही, आणि न खाल्ल्यामुळे जीवनसत्त्व आणखी घटतं. हे चक्र तोडायला काही दिवस हाताने भरवावं लागतं. स्लायडर पाण्यातच गिळू शकतो, म्हणून परातीतल्या कोमट पाण्यात ठेवून भरवा. चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरून नाकासमोर हलवा, ओठाला हलकेच टेकवा. वासाने तोंड उघडतं. नाही उघडलं तर जबडा फाकवू नका, डॉक्टरांना सांगा. ते नळीने अन्न देऊ शकतात. मोठं कासव काही दिवस उपाशी तग धरतं, पिल्लू नाही.

बरं झाल्यावर काय? वाळलेल्या कोळंब्या हा खाऊ आहे, जेवण नव्हे. मुख्य खाणं म्हणजे कासवांसाठीच्या चांगल्या प्रतीच्या गोळ्या. डबीवर अ जीवनसत्त्व लिहिलेलं आहे का ते बघा, तारीख बघा, आणि मोठी डबी वर्षभर उघडी ठेवू नका. सोबत मंडईतला पाला: शेवग्याची पानं, कोथिंबीर, थोडी मेथी. किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक आणि माठ रोज नको, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. पिल्लांचा ओढा मांसाहाराकडे असतो, पाल्याला तोंड लावत नाहीत. चिकाटीने रोज एक पान टाकत राहा, वय वाढतं तशी आवड बदलते. पंधरा दिवसांतून एकदा कोंबडीच्या काळजाचा चण्याएवढा तुकडा चालतो, त्यात अ जीवनसत्त्व तयार स्वरूपात असतं. पण आधीच इंजेक्शन सुरू असेल तर तोही विचारूनच द्या. गाजरातल्या केशरी रंगापासून शरीर हे जीवनसत्त्व बनवतं खरं, पण डोळे मिटून उपाशी बसलेल्या पिल्लाच्या बाबतीत त्या भरवशावर राहता येत नाही.

पोळी, भात, ब्रेड, दूध, पनीर नको. नदीतली जलपर्णीही आणू नका. मुळा-मुठेच्या पाण्यात ती काय काय शोषून वाढते हे आपण रोज पुलावरून बघतोच.

दरम्यान टाकी

कासव टबमध्ये आहे तोवर टाकीचं काम उरकून घ्या. कासव खातं भरपूर आणि घाण करतं त्याहून भरपूर. विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो, आणि तो डोळ्यांना झोंबतो. पाणी दिसायला नितळ असलं तरी अमोनिया असू शकतो. मत्स्यालयाच्या दुकानात तपासणीचं किट मिळतं. आकडा शून्य हवा. गुंडूच्या टाकीतल्या पाण्याने किटमधली नळी हिरवी झाली होती, म्हणजे अमोनिया होता, आणि मी ते पाणी स्वच्छ समजत होते.

कवचाच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर पाणी हा ढोबळ हिशेब. म्हणजे चार इंची कासवाला १६० लिटर. भेट म्हणून मिळणारी ती प्लास्टिकच्या ताडाच्या झाडाची चिमुकली टाकी त्याच्यासाठी कधीच पुरेशी नव्हती. फिल्टर घेताना टाकीच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी असलेला घ्या. त्याचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. अमोनिया खाऊन टाकणारे चांगले जिवाणू त्या स्पंजात राहतात आणि नळाच्या क्लोरीनने मरतात. दर आठवड्याला पाव ते अर्धं पाणी बदला. नव्या पाण्यासाठी बादली चोवीस तास उघडी ठेवा किंवा क्लोरीन मारणारं द्रावण टाका. आपल्याकडे देखभालीसाठी अधूनमधून गुरुवारी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी कमी दाबाने येतं, तेव्हा पाणी बदलायचा दिवस मंगळवार-बुधवार ठेवलेला बरा. पावसाळ्यात खडकवासल्याहून येणारं पाणी गढूळ वाटलं तर आधी निवळू द्या.

हिटर लावून पाणी २५-२६ अंशांवर ठेवा, पिल्लांसाठी एखादा अंश जास्त. हिटरला जाळीचं आवरण हवं, नाहीतर कासव त्यावर आपटून काच फोडतं. पाणी काढण्याआधी बटण बंद करा. बसायच्या कोरड्या दगडावर ३२ ते ३५ अंश. आणि यूव्हीबी दिवा, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर, कासवाच्या डोक्यावरून उजेड पडेल असा. तोंडासमोरून नको. वर्षभरात तो बदला, कारण उजेड दिसत राहतो पण यूव्हीबी संपलेलं असतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन धरू नका, काच यूव्हीबी अडवते. सकाळचं कोवळं ऊन गॅलरीत पंधरा-वीस मिनिटं द्यायला उत्तम, पण अर्धा टब सावलीत आणि तुम्ही शेजारी. एप्रिलच्या उन्हात उथळ पाणी बघता बघता तापतं आणि कासव शिजल्यासारखं मरतं. कावळे आणि घारीही टपलेल्या असतात.

हात

कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असतात, कासव ठणठणीत असलं तरी. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आली ती मुलं आजारी पडतात म्हणूनच. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. परात, सिरिंज, टॉवेल कासवाचे वेगळे ठेवा, ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा फार वय झालेलं माणूस असेल तर त्यांना या सेवेतून बाजूला ठेवा.

बरं होताना

घाई नको. दोन ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. स्वयंपाकघरात असतो तसा, पण कासवासाठी वेगळा डिजिटल काटा घ्या आणि दोन दिवसांआड वजन वहीत लिहा. डोळ्याआधी वजन सांगतं की गाडी रुळावर येतेय. गुंडूचं वजन नवव्या दिवशी घसरायचं थांबलं आणि बाराव्या दिवशी दोन ग्रॅमने वाढलं. अठराव्या दिवशी चिमट्यातलं गांडूळ मी मुद्दाम लांब, डावीकडे धरलं. त्याने मान वळवली, थबकला, नेम धरला आणि बरोबर टोक पकडलं. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

एक आठवडा उपचार करूनही सूज तसूभर कमी नसेल, किंवा उघडलेला डोळा पुन्हा मिटला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. घरात दुसरं कासव असेल तर पूर्ण बरं होईतो वेगळंच ठेवा, आणि त्याचेही डोळे रोज बघा. जेवण दोघांचं एकच होतं. सांभाळणं झेपत नाहीये असं वाटलं तरी पाषाण तलावात किंवा नदीत सोडू नका. हे परदेशी कासव तिथल्या आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा दोन्ही बळकावतं, आणि तसं सोडलेलं आजारी कासव तर उपाशीच मरतं. सांभाळू शकेल असं घर शोधा.

टाकीत परत सोडताना डॉक्टरांनी औषध थांबवायला सांगितलेलं असावं, डोळे सलग आठवडाभर उघडे असावेत आणि ते स्वतःहून खात असावं. टब आणि टाकी दोन्हींचं तापमान सारखं करून घ्या. पहिले दोन दिवस पाणी कवच जेमतेम बुडेल एवढंच भरा, बसायच्या दगडाला उतार ठेवा. दिवसभर वर चढून बसतंय, खाली उतरून खातंय असं दिसलं की तिसऱ्या दिवशी पाणी अर्ध्यापर्यंत वाढवा आणि आठवड्याने नेहमीच्या पातळीवर न्या.